खान्देशात बसून समुद्राच्या लाटांचा अंदाज वाचायला शिकताना

कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यासाठी अ‍ॅप उघडलं की सकाळी अशी ओळ दिसते: उंची १.२ मीटर, पिरियड १४ सेकंद, दिशा २१०, वारा ०४० वरून ६ नॉट. जळगाव-धुळ्याहून सर्फिंग शिकायला, लाइफगार्डच्या कामाला किंवा ओशनोग्राफीच्या (समुद्रविज्ञानाच्या) अभ्यासाला निघालेला नवखा यातला पहिला आकडा वाचतो आणि थांबतो. कमरेएवढी लाट, चला! पण पाचही आकडे एकत्र वाचल्याशिवाय त्या १.२ ला काही अर्थ नाही.

ही उंची एका लाटेची नसते. ठरावीक वेळात आलेल्या लाटांपैकी सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. म्हणजे बऱ्याच लाटा तिच्याहून लहान आणि अधूनमधून एखादी जवळजवळ दुप्पट. दगडावर उभं राहून फोटो काढणारे वाहून जातात ते अशाच एखाद्या लाटेनं.

पिरियड म्हणजे लागोपाठच्या दोन माथ्यांमधला वेळ. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर पिरियडचा वर्ग करून १.५६ नं गुणा. १४ सेकंदांची लाट सुमारे ३०६ मीटर लांब भरते, ६ सेकंदांची जेमतेम ५६. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ लागायला लागतो. लांब लाट त्यामुळे किनाऱ्यापासून फार दूरच तळ धरते, वळते, आणि उथळ पाण्यात आल्यावर उंच होते. जोर मोजायला उंचीचा वर्ग गुणिले पिरियड एवढा हिशेब पुरतो: १.२ मीटर-१४ सेकंद म्हणजे २०, आणि १.५ मीटर-६ सेकंद म्हणजे साडेतेरा. उंचीनं लहान दिसणारी लाटच जास्त ताकदीची निघते.

हा फरक डोळ्यांनी बघायला समुद्र लागत नाही. मे महिन्यात सोसाट्याचा वारा असताना मेहरूण तलावावर किंवा धुळ्याच्या नकाणे तलावावर जा. वारा जिथून पाण्यावर उतरतो त्या काठाशी पाणी जवळपास सपाट असतं. पलीकडच्या काठाला तेच पाणी चबक-चबक आपटतं, साधारण सेकंदाला एक लाट. वाऱ्याला पळायला मिळालेल्या पाण्याच्या लांबीला फेच म्हणतात. वाऱ्याचा वेग, तो किती तास टिकला आणि फेच, या तिन्हींवर लाट ठरते. तलावाला काही शे मीटर फेच मिळतो, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला हजारो किलोमीटर. तिथल्या वादळाची १४ सेकंदांची लाट ताशी सुमारे ३९ किलोमीटरनं निघते आणि कोकणात पोचायला आठवडाभर घेते. वेगानं पळणाऱ्या लांब लाटा आधी येतात. म्हणून पिरियड अचानक ९ वरून १७ वर गेला आणि उंची अजून अर्धा मीटरच असली, तर ती पुढच्या एक-दोन दिवसांची वर्दी समजा. अशाच लांब लाटांनी स्थानिक वारा नसतानाही किनाऱ्यावर पाणी चढतं. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात आणि हैदराबादचं इन्कॉइस हे समुद्राच्या माहितीचं सरकारी केंद्र त्याचा इशारा देतं.

दिशेबाबत सगळे एकदा तरी फसतात. लाट आणि वारा यांची दिशा ‘कुठून’ अशी लिहितात, प्रवाहाची ‘कुठे’ अशी. आकडा उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजलेल्या अंशांचा, म्हणून २१० म्हणजे दक्षिण-नैऋत्येकडून. पश्चिमेला तोंड असलेल्या पुळणीच्या दक्षिण टोकाला डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं असेल, तर ही लाट त्याआड अडते आणि १.२ ची गुडघ्याएवढी होऊन येते. नकाशावर किनाऱ्याचं तोंड कोनमापकानं मोजून वहीत लिहून ठेवा. हे काम घरी बसून होतं, तरी फारच थोडे जण करतात. शिवाय अंदाज काढणाऱ्या जागतिक संगणकी मॉडेलचा एक चौकोन २५ किलोमीटरच्या आसपासचा असतो, त्याला तुमचं नाक, खडक, वाळूचा दांडा काहीच दिसत नाही.

०४० वरून ६ नॉट म्हणजे ईशान्येचा, जमिनीवरून येणारा, ताशी ११ किलोमीटरचा वारा. शाळेत घोकलेले मतलई वारे हेच. लाटेचा चेहरा ते गुळगुळीत ठेवतात. ऊन तापलं की साधारण अकरानंतर खारे वारे सुरू होतात आणि पाणी विस्कटतं. म्हणून सर्फिंगचे वर्ग भल्या पहाटे. काही मॉडेलच्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यांत साडेपाच तास मिळवायचे. ००ची वेळ म्हणजे आपली पहाटे साडेपाच. हे विसरणारा दुपारचा खारा वारा सकाळचा समजतो.

भरती-ओहोटीला कोकणी कोळ्यांचा जुना ठोकताळा आजही चालतो: पक्षातल्या तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा. दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून पाण्यात उतरायचं असेल तर छापील कोष्टकच बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे सर्वांत मोठा चढ-उतार; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी. चढ-उताराच्या सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात निम्मं पाणी हलतं. खाडीच्या तोंडाशी ओढ तेव्हा सर्वांत जास्त. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते. त्यामुळे तीच लाट ओहोटीला लांब दांड्यावर फुटते आणि भरतीला थेट काठावर आदळते.

नवशिक्याला सुरुवातीला डुमस जवळचं वाटतं. भुसावळवरून गेलेली तापी तिथेच समुद्राला मिळते आणि रेल्वेही सुरतेपर्यंत नेते. भरती बघायला जागा उत्तम, पाणी किती मागे हटतं ते पाहून थक्क व्हाल. पण गढूळ आणि उथळ पाण्यात लाट शिकायला मिळत नाही. त्यासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्ग गाठा, ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचं नाही.

किनाऱ्यावर गेल्यावर पहिली वीस मिनिटं फक्त बघा, लाटा घोळक्यानं येतात. एखाद्या खांबाची किंवा खडकाची खूण धरून पहिल्या माथ्याला घड्याळ चालू करा, अकराव्याला बंद. वेळेला दहानं भागलं की पिरियड. उंचीसाठी पाण्याच्या काठाशी उभे राहा: माथा क्षितिजाला टेकलेला दिसला तर लाट तुमच्या डोळ्यांच्या उंचीएवढी, म्हणजे दीड मीटरच्या आसपास. उकिडवं बसल्यावर टेकला तर पाऊण मीटरच्या जवळपास. मग वहीत आदल्या संध्याकाळचा अंदाज, तिथी आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी शेजारी लिहा. तीस नोंदींत त्या किनाऱ्याचा स्वभाव कळू लागतो: २१० ची लाट किती कापली जाते, २४० ची किती.

यातच करिअर करायचं असेल तर बीएस्सीला भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नका; उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कॉलेजांत दोन्ही आहेत. पुढे ओशनोग्राफीचं एमएस्सी कोचीच्या कुसॅट विद्यापीठात किंवा विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठात, वातावरणशास्त्राचं पुण्यात. संशोधनाच्या जागा गोव्याच्या एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत), बंदरं-बंधाऱ्यांची कामं खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएसमध्ये (केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात), आणि रोजच्या अंदाजाचं काम इन्कॉइसमध्ये. त्याआधी पायथॉन शिका. ईआरए५ या जगभरच्या जुन्या हवामानाच्या आकड्यांच्या संचातले १९४० पासूनचे तासातासाचे आकडे नावनोंदणी करून फुकट मिळतात. रत्नागिरीसमोरचा एक बिंदू घेऊन एका वर्षाचा पिरियड आणि दिशा काढली की नैऋत्य मोसमी पाऊस कधी आला, ते पावसाचा आकडा न बघताही आलेखात दिसतं.