कॉम्प्युटर आपोआप नेटला लागतो? दुरुस्तीला नेण्याआधीची तयारी

सीपीयूच्या वायरी काढून तो सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात न्यायचा, की ओळखीच्या पोराला घरी बोलवायचं, हे नंतर ठरवा. कॉम्प्युटर न सांगता नेट जोडू पाहतो म्हटलं की इंदुरात कुणीही पटकन सांगतो, "भिया, फॉर्मेट मारना पड़ेगा." फॉर्मेटने त्रास थांबतो, हे खरं. पण नेटकडे धावणारा प्रोग्राम कोणता होता ते कळत नाही, आणि महिन्याभरात आपणच तो परत टाकून मोकळे होतो. तेव्हा घरातून निघताना त्या प्रोग्रामचं नाव हाती असलं पाहिजे. बाकी तयारी त्याच्याच अवतीभवती.

आधी नेमकं काय होतं ते बघा. कॉम्प्युटरवरूनच ब्रॉडबँड डायल करत असाल आणि ती खिडकी सारखी उघडत असेल, तर इंटरनेट ऑप्शन्सच्या कनेक्शन्स टॅबमध्ये 'नेव्हर डायल अ कनेक्शन' निवडा. खिडकीचा ससेमिरा सुटेल; मागणारा प्रोग्राम मात्र आत तसाच असेल. फोनचा हॉटस्पॉट दिसताच जोडला जात असेल, तर 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'ची खूण काढा आणि त्याच नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. विंडोजची बरीचशी मोठी डाउनलोडं मग थांबतात. रात्री स्लीपमध्ये ठेवलेला कॉम्प्युटर स्वतःच जागा होत असेल तर पॉवर ऑप्शन्समधले वेक टायमर्स बंद करा.

आता मुख्य काम. सगळं बंद करा. क्रोमची खिडकी बंद केली तरी तो मागे चालू राहू शकतो. त्याच्या सेटिंगमध्ये सिस्टिमखाली तशी परवानगी दिलेली असते, ती काढा. मग स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर शोधून उघडा, नेटवर्क टॅबवर जा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. कोण किती डेटा पाठवतंय, कोण ओढतंय, सगळं नावानिशी दिसतं. फोनने फोटो काढून ठेवा. सापडतं ते बहुधा साधंच असतं: वनड्राइव्ह, प्रिंटरचा अपडेटर, कधीतरी फुकट म्हणून घेतलेला पीडीएफ कन्व्हर्टर. हे टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधून डिसेबल करता येतात. तिथे नसलेले बहुधा टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या यादीत, दडलेले असतात. नेट जोडल्याबरोबर विंडोज स्वतःच मायक्रोसॉफ्टकडून 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढाच मजकूर असलेली इवलीशी फाइल मागवून नेट खरंच चालू आहे का ते तपासतं, त्याला घाबरू नका.

'एसव्हीसीहोस्ट' (svchost) हे नाव यादीत अनेकदा दिसेल, ते विंडोजचंच. पण स्पेलिंग अक्षर न् अक्षर वाचा. व्ही आणि सी यांची अदलाबदल केलेलं नाव हा जुना डाव आहे. शंका आली तर टास्क मॅनेजरमध्ये त्यावर राइट क्लिक करून फाइलची जागा उघडा. ती सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरबाहेर निघाली, तर विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर आधी अपडेट करून त्याचा ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं त्यातच जातात, म्हणून लाइटचा भरवसा असेल तेव्हाच लावा. आणि यादीत एनीडेस्कसारखं, म्हणजे दुसऱ्याला लांबून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं, काही दिसलं, जे घरात कुणीच टाकलेलं नाही किंवा 'कस्टमर केअर'वाल्याने फोन करून टाकायला लावलं होतं, तर स्कॅनच्याही आधी राउटर बंद करा, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा.

बॅकअप म्हणजे फक्त फोटो, असं नव्हे. आपल्या मंडळांच्या जुन्या कॉम्प्युटरवर श्रीलिपीत टाइप केलेल्या स्मरणिका, वर्गणीच्या याद्या, सभांची इतिवृत्तं पडून असतात. फॉर्मेटबरोबर तो फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसतो. फाइलींसोबत विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डरही पेनड्राइव्हवर घ्या, आणि महत्त्वाच्या पानांची पीडीएफ करून ठेवा. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरात आहे ते अकाउंटंटलाच विचारा, अंदाजाने कॉपी करू नका.

विंडोज १० असेल तर मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, तेव्हा ११ चालेल का हे त्याच फेरीत विचारून घ्या. दुकानात विंडोजचा पासवर्ड बहुधा सांगावा लागतो, म्हणून ब्राउझरमधले बँकेचे आणि जीमेलचे सेव्ह केलेले पासवर्ड घरीच पुसा. मॉनिटर उचलून न्यायची गरज नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर घ्या, आणि पेनड्राइव्ह मात्र घरीच ठेवा.