एक्सेल आणि पोस्टग्रेसची ओडीबीसी जोडणी: आधी बिट बघा, मग ट्रेस वाचा

पतसंस्था आणि दूध संस्थांच्या कार्यालयांत मी पोस्टग्रेस हा डेटाबेस सांभाळतो. तिथल्या लेखनिकांना थकबाकीची यादी थेट एक्सेलमध्ये हवी असते आणि त्यासाठी विंडोजवर ओडीबीसी, म्हणजे प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारी सोय, लावावी लागते. जोडणी झाली नाही की बहुतेक जण ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा छोटा प्रोग्राम) काढून पुन्हा टाकत बसतात. त्यात अख्खी दुपार जाते, आणि नेमकं कारण मशीनमध्येच लिहून ठेवलेलं असतं.

सुरुवात एक्सेलपासून करा. फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल उघडलं की वरच्याच ओळीत ३२-बिट की ६४-बिट ते लिहिलेलं दिसतं. ड्रायव्हर त्याच बिटचा लागतो. विंडोज ६४-बिट असलं तरी एक्सेल ३२-बिट असू शकतं, आणि जुन्या ऑफिसात ते हमखास तसंच सापडतं. ओडीबीसी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरही (जोडणीची सेटिंग करायची खिडकी) दोन आहेत आणि दोघांच्या फाइलचं नाव एकच, ओडीबीसीएडी३२. त्यातला ६४-बिटवाला सिस्टम३२ फोल्डरात असतो आणि ३२-बिटवाला सिसवाव६४ मध्ये. नावं उलटी वाटतात, पण आहे ते असंच.

योग्य अ‍ॅडमिनिस्ट्रेटर उघडून सिस्टम डीएसएनमध्ये 'अ‍ॅड' दाबा. डीएसएन म्हणजे नाव देऊन साठवलेली जोडणीची माहिती. यूजर डीएसएन फक्त तुमच्या लॉगिनला दिसतं; एका संगणकावर दोघे-तिघे बसत असतील तर सिस्टमच बरं. पोस्टग्रेसचे ड्रायव्हर दोन दिसतील, एएनएसआय आणि युनिकोड. युनिकोडच घ्या. आपल्या सभासदांची नावं देवनागरीत असतात आणि एएनएसआयमधून ती प्रश्नचिन्हं होऊन येऊ शकतात. मग सर्व्हरचा पत्ता, डेटाबेसचं नाव, पोर्ट ५४३२, यूजर आणि पासवर्ड भरून 'टेस्ट' दाबा. हा यूजर फक्त वाचण्यापुरताच असावा. एक्सेलला लिहिण्याचा हक्क मी कुठेच देत नाही.

टेस्ट पास झाली तर एक्सेलमध्ये डेटा, गेट डेटा, फ्रॉम अदर सोर्सेस, फ्रॉम ओडीबीसी. टेबल समोर आलं की काम झालं.

नाही आलं तर ट्रेस, म्हणजे प्रोग्रामने ड्रायव्हरला केलेल्या प्रत्येक कॉलची (मागणीची) नोंद. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या 'ट्रेसिंग' टॅबमध्ये लॉग फाइलची जागा डॉक्युमेंट्स फोल्डरात द्या, कारण सी ड्राइव्हच्या मुळाशी साध्या यूजरला लिहिता येत नाही. एक्सेल पूर्ण बंद करा, 'स्टार्ट ट्रेसिंग नाऊ' दाबा, मगच एक्सेल उघडून तीच जोडणी पुन्हा करा. चूक दिसली की लगेच ट्रेसिंग थांबवा. प्रत्येक कॉल लिहिला जात असल्यामुळे सगळं मंदावतं आणि फाइल फुगत जाते.

फाइल नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला प्रोग्रामचं नाव असतं. गेट डेटातून गेलात तर तिथे एक्सेलऐवजी गेट डेटा चालवणाऱ्या मॅशअप या प्रोग्रामचं नाव दिसेल, दचकू नका. 'एंटर' म्हणजे कॉल आत गेला, 'एक्झिट' म्हणजे बाहेर आला. एक्झिटपुढचा रिटर्न कोड ० किंवा १ असेल तर ठीक. उणे १ शोधा. त्याखालच्या 'डायग' ओळीत पाच अक्षरांचा कोड असतो, आणि सगळा जीव त्यात आहे.

आयएम००२ म्हणजे त्या नावाचं डीएसएनच सापडलं नाही, स्पेलिंग तपासा. आयएम०१४ म्हणजे बिट जुळले नाहीत. वर सांगितलेलं पुन्हा करा. ४२एस०२ किंवा पोस्टग्रेसचा स्वतःचा ४२पी०१ म्हणजे जोडणी झाली, टेबल मिळालं नाही; स्कीमा (टेबल ज्या गटात ठेवलंय तो) बघा. ०८००१ मात्र नुसता कोड पाहून सुटत नाही. चुकीचा पासवर्ड आणि बंद पोर्ट, दोन्हींना पोस्टग्रेसचा ड्रायव्हर बहुधा हाच कोड देतो, म्हणून पुढचं वाक्यही वाचा. त्यात पीजी-एचबीए (कोणत्या संगणकाला आत घ्यायचं ते ठरवणारी सर्व्हरवरची फाइल) याचा उल्लेख असेल तर तुमचा संगणक सर्व्हरपर्यंत पोचला आहे, फक्त त्याला परवानगी नाही; त्या फाइलीत तुमच्या आयपीची ओळ घालून सर्व्हरला रीलोड द्या. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असेल तर सर्व्हरवरचं 'लिसन अ‍ॅड्रेसेस' बघा. मूळ सेटिंगमध्ये पोस्टग्रेस फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतं. 'टाइमआउट' आला तर फायरवॉलकडे वळा. पॉवरशेलच्या 'टेस्ट-नेटकनेक्शन' आज्ञेला पत्ता आणि पोर्ट दिलात की रस्ता मोकळा आहे का ते कळतं.

ट्रेसमध्ये तुमच्या क्वेरी जशाच्या तशा उतरतात, सभासदांची नावं आणि खाते क्रमांकांसकट. कोणाला मदतीसाठी पाठवायची असेल तर फक्त चुकीच्या आसपासच्या ओळी कापून पाठवा आणि काम झालं की मूळ फाइल पुसून टाका.