रिव्हॉल्व्हरच्या स्प्रिंगा बदलल्यावर चाचणी घेताना या चुका टाळा

हलकी मेनस्प्रिंग (घोड्याला जोर देणारी मुख्य स्प्रिंग) बसवली की चाप लोण्यासारखा चालतो, आणि तिथेच फसगत होते. या स्प्रिंगचं खरं काम प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, ठोक्याने पेटणारी टोपी) फुटेल एवढा ठोका देणं. चाप किती हलका झाला हे बोटाला लगेच कळतं. ठोका किती कमी झाला ते काडतूस न उडेपर्यंत कळत नाही.

चार गोळ्या सिंगल ॲक्शनमध्ये झाडून समाधान मानणं. अंगठ्याने मागे ओढलेला घोडा पूर्ण अंतर कापून पडतो. डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे नुसता चाप ओढल्यावर, तो थोडा अलीकडूनच सुटतो, म्हणजे ठोका कमजोर. चाचणी डबल ॲक्शनमध्येच घ्या आणि नेहमी वापरायच्या काडतुसांवरच घ्या. फेडरल कंपनीचे प्रायमर मऊ, सीसीआयचे त्यामानाने कडक. मऊ प्रायमरवर पास झालेली स्प्रिंग कडक प्रायमरवर नापास होऊ शकते.

गोळी उडाली नाही की लगेच पुन्हा चाप ओढणं. ही सगळ्यांत धोक्याची सवय. सिलिंडर फिरतो, न उडालेलं काडतूस नळीसमोरून बाजूला जातं आणि ते उशिरा पेटलं तर तिथेच फुटतं. नळी लक्ष्याकडे ठेवून किमान 30 सेकंद थांबा, मग सिलिंडर उघडा. प्रायमरवरचा खड्डा बघा, सिलिंडरच्या कोणत्या घरातलं काडतूस होतं ते लिहा. खड्डा उथळ असेल तर संशय स्प्रिंगवर. खोल आणि मधोमध असेल तर बहुधा प्रायमरच खराब. घरी भरलेल्या काडतुसांत प्रायमर पूर्ण खाली बसलेला नसला, तर पहिला ठोका त्याला बसवण्यातच खर्च होतो आणि बिचाऱ्या स्प्रिंगवर आळ येतो. दरवेळी एकाच घरात घोटाळा होत असेल तर आधी ते घर साफ करा.

मेनस्प्रिंगला ताण देणारा स्ट्रेन स्क्रू सैल करून चाप हलका करणं. स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरच्या पट्टीच्या मेनस्प्रिंगवर हा जुगाड सर्रास चालतो. धक्क्यांनी स्क्रू आणखी सैल होतो आणि सकाळी चालणारं हत्यार दुपारी दगा देतं. स्क्रू पूर्ण आवळा. 50 गोळ्यांनंतर पुन्हा तपासा.

रिबाउंड स्प्रिंग विसरणं. चाप पुढे आणणारी ही स्प्रिंग फार हलकी झाली तर चाप अर्ध्यातच रेंगाळतो आणि पुढची गोळी सुटत नाही. स्मिथ अँड वेसनमध्ये घोडा पडल्यावर त्याला किंचित मागे ढकलण्याचं कामही रिबाउंडकडेच, तेही मेनस्प्रिंगच्या विरोधात. म्हणून दोन्हींची जोडी जुळायला हवी. सिलिंडर रिकामा असल्याची दोनदा खात्री करून स्नॅप कॅप (सरावाची नकली काडतुसं) भरा, चाप ओढा आणि बोट अगदी सावकाश सैल करा. प्रत्येक घरावर, नळी वर आणि खाली धरून, चाप स्वतःहून पूर्ण पुढे आला पाहिजे.

50 गोळ्यांवर निकाल देणं. 50 पैकी एकही चुकली नाही, तरी 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की शंभरात सहापेक्षा जास्त चुकणार नाहीत. शंभरात एकपर्यंत यायला सलग 300 लागतात. निदान पहिल्या 100 मध्ये साफसफाई नको: रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीसारख्या एक्स्ट्रॅक्टरखाली अडकलेली न जळलेली दारू सिलिंडर जड करते, आणि तेही चाचणीत दिसायला हवं.

उथळ ठोक्यामुळे एक जरी चुकली, तर एक पायरी जड स्प्रिंग बसवा आणि मोजणी शून्यापासून सुरू करा.