सेंट्रल लाईन घातल्यानंतरचे दिवस आपल्या हातात असतात : आयसीयूत नवीन आलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

आमच्या बेळगावकडं आयसीयूत नवीन पोरं-पोरी जॉईन झाली की मी पहिल्या आठवड्यात एक प्रश्न विचारतेच, सेंट्रल लाईनमधनं (मान, छाती नाहीतर जांघेतल्या मोठ्या शिरेत घातलेली औषधाची नळी) रक्तात इन्फेक्शन कसं जातं? बहुतेक जण सांगतात, घालताना हात धुतले नसतील, ड्रेप, म्हणजे पेशंटवर पसरायचा निर्जंतुक कपडा, छोटा पडला असेल. बरोबर आहे ते. पण लाईन घालायला लागतो अर्धा तास, आणि नंतर ती आठ-दहा दिवस राहते, त्या दिवसांत आपण तिचं हब, म्हणजे सिरिंज जोडायचं बाहेरचं टोक, किती वेळा उघडतो ते एकदा एका ड्युटीत मोजून बघा, अँटिबायोटिक, फ्लश (नळी धुवायला ढकललेलं सलाईन), पोटॅशियम, सॅम्पल, परत फ्लश. त्या नळीचं दुसरं टोक हृदयाच्या अगदी तोंडाशी आहे हे डोक्यात ठेवूनच हबला हात लावायचा.

तर हबपासनंच सुरू करूया. आधी हात, साबणानं नाहीतर हँडरबनं, ग्लोव्हज घातलेत म्हणून हात धुणं माफ होत नाही. मग अल्कोहोल स्वॅब घेऊन हबचं तोंड आणि कडेचे आटे घासायचे, वरच्यावर पुसायचं नाही, लिंबू पिळताना जसं गोल फिरवून दाबतो तसं दाबून घासायचं. 5 सेकंद तरी पाहिजेतच, मी 15 मोजायला लावते. आणि मग थांबायचं, वाळू द्यायचं. घाईत फुंकर मारून वाळवणारे मी बघितलेत, तोंडातले जंतू आपल्याच हातानं परत हबवर, तसं अजिबात करू नका. थ्री-वेची (नळीला लावलेल्या तीन तोंडांच्या तोटीची) टोपी काढून बेडवर ठेवली की ती गेली, नवीन निर्जंतुक टोपी लावायची. सॅम्पल काढल्यावर थ्री-वेत रक्ताचा थेंब राहू देऊ नका, जंतूंना त्याच्यापेक्षा चांगलं जेवण नाही. फ्लश 10 मिलीच्या सिरिंजनं, थांबत थांबत ढकलून.

आता एक गोष्ट जरा स्पष्टच बोलते. सलाईनच्या बाटलीत हवा जायला सुई टोचून ठेवायची, आणि ट्रॉलीवर दुसरी एक बाटली सुई खोचून ठेवून दिवसभर सगळ्या बेडचे फ्लश त्यातनंच भरायचे, ही सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. नवीन माणूस बघून तेच शिकतो. त्या सुईतनं वॉर्डातली हवा बाटलीत जाते, आणि एका बाटलीत जंतू गेले की चार बेडवर पोचतात. व्हेंट (हवा गाळून आत घेणारी वाट) असलेला सेट, म्हणजे सलाईनची नळी, मागा, नाहीतर दाबली जाणारी मऊ पिशवी मागा, फ्लशला 10 मिलीचं अँप्युल फोडा, एका पेशंटला एक, उरलं तर टाकून द्या. स्टोअरवाले कुरकुर करतील, करू देत.

ड्रेसिंग. पारदर्शक असेल तर 7 दिवसांनी बदलायचं, गॉज असेल तर 2 दिवसांनी, आणि ओलं झालं, कड सुटली, खाली रक्त साचलं तर तारीख न बघता लगेच. आमच्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस असा असतो की भिंतीसुद्धा घाम फोडतात, त्या दिवसांत मानेवरची ड्रेसिंग खालून उचलते. माझ्या सुरुवातीच्या काळात खानापूरकडच्या एका काकांची अशीच सुटलेली कड मी वरनं टेप मारून बसवली, रात्रीची ड्युटी होती, किट शोधायला जायचा कंटाळा केला. तिसऱ्या दिवशी काकांना हुडहुडी भरून ताप आला. टेपमुळंच झालं असं कुणी सिद्ध केलं नाही, पण ती टेप मला अजून दिसते, म्हणून सांगते, वरनं टेप मारायची नाही, पूर्ण काढून नवीन घालायचं. क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल या जंतुनाशकानं कातडी पुढं-मागं 30 सेकंद घासायची, पूर्ण वाळू द्यायचं, मगच फिल्म चिकटवायची, आणि वर तारीख. अँटिबायोटिक मलम फासू नका, डायलिसिसच्या कॅथेटरची गोष्ट वेगळी.

नातेवाईकांचंही बघावं लागतं. कुणी सौंदत्तीहून यल्लम्माचा भंडारा आणतं, कपाळाला आणि गळ्याला लावायला बघतं, आणि गळ्यातच तर लाईन असते. त्यांच्यावर ओरडू नका, जीव टांगणीला लागलेला असतो त्यांचा. मी म्हणते, "मावशी, कपाळाला लावा की, गळ्याकडं तेवढं नको, तिथनं औषध जातंय." ऐकतात लोक. मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, ज्याला जी भाषा कळते त्यात सांगायचं.

रोजचं स्पंजिंग 2 टक्के क्लोरहेक्सिडीननं, हनुवटीच्या खाली, डोळे-कान सोडून, नंतर पाण्यानं धुवायचं नाही. साधे सेट 96 तासांच्या आत उगीच बदलू नका, 7 दिवसांच्या पुढं ठेवू नका. रक्त किंवा लिपिड (शिरेतनं द्यायचं चरबीचं द्रावण) गेलेला सेट 24 तासांत काढायचा, प्रोपोफॉलचा (गुंगीच्या औषधाचा) 6 ते 12 तासांत.

लाईन घालताना आपलं काम ट्रॉली लावून देण्यापुरतं नाही. टोपी, मास्क, गाऊन, निर्जंतुक ग्लोव्हज, डोक्यापासनं पायापर्यंत ड्रेप, क्लोरहेक्सिडीन वाळलंय का, आणि मोठ्या माणसात जांघेतली जागा शक्यतो टाळली का, हे चेकलिस्टवर आपण टिक करायचं आणि काही चुकलं तर "सर, एक मिनिट थांबा" म्हणायचं. अमेरिकेत मिशिगनमध्ये 103 आयसीयूंनी हेच केलं, नर्सला थांबवायचा अधिकार दिला, 2006 साली त्याचा अभ्यास छापून आला, 1000 लाईन-दिवसांमागं (एक लाईन एक दिवस राहिली की एक लाईन-दिवस) इन्फेक्शनचा मधला दर 2.7 होता तो तीन महिन्यांत शून्यावर आला. त्यात महागडं मशीन एकही नव्हतं. पहिल्यांदा बोलताना आवाज कापतो, माझाही कापला होता, पण तरी बोला.

ताप आला तर जागा लाल नाही म्हणून लाईनला सोडून देऊ नका, वरनं स्वच्छ दिसणाऱ्या लाईनमधनंही इन्फेक्शन होतं. फ्लश केल्यावर थोड्या वेळात हुडहुडी भरली तर लगेच डॉक्टरांना कळवा. कल्चर (रक्तात जंतू वाढतात का बघायची तपासणी) अँटिबायोटिकच्या आधी, एक हबमधनं आणि एक हाताच्या शिरेतनं, एकाच वेळी, सारखंच रक्त, आणि कुठली बाटली कुठली ते नीट लिहायचं, कारण हबवाली 2 तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह आली तर संशय लाईनवर जातो. लेबल चुकलं की सगळं वाया.

आणि रोज राउंडला विचारा, "ही लाईन आज कशाला पाहिजे?" इनोट्रोप (हृदयाला जोर देणारं औषध) बंद झालं, हाताला चांगली शीर मिळाली, तरी "असू दे, रात्री लागली तर" म्हणून चार-चार दिवस राहते ती. काढायची ठरली की पेशंटला सपाट झोपवा, श्वास रोखायला सांगून मगच ओढा, 5 मिनिटं तरी दाबून धरा, हवा जाणार नाही अशी ड्रेसिंग 24 तास ठेवा, नळी पूर्ण आली का ते टोक बघून खात्री करा, आणि वेळ चार्टवर लिहा.