रीफ टँकचं (कोरल म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं) पाणी किती वेळा तपासायचं?

रोज सगळ्या टेस्ट केल्या तर किट बघता बघता संपतं, आणि टाळाटाळ केली तर कोरल फिके पडल्यावरच जाग येते. मी आता एवढंच करतो:

१. टँक नवा असेल तर अमोनिया आणि नायट्राइट दिवसाआड, दोन्ही शून्यावर टिकेपर्यंत.

२. टँक स्थिरावला की अल्कलिनिटी (आम्ल पचवून पीएच स्थिर ठेवायची पाण्याची क्षमता) आठवड्यातून दोनदा. सगळ्यात आधी घसरतो तो हाच आकडा. वेळ मात्र एकच ठेवा. मी दिवे लागायच्या आधी घेतो. कालची सकाळ आणि आजची रात्र यांची तुलना करून काही कळत नाही.

३. खारटपणा, कॅल्शियम, नायट्रेट, फॉस्फेट आठवड्यातून एकदा. मॅग्नेशियम महिन्यातून एकदा पुरे.

टेस्टची बाटली आधी टँकच्याच पाण्याने दोनदा विसळा. पाणी कडेला किंचित वर चढतं, तेव्हा बाटली डोळ्यांसमोर धरून मधली खालची पातळी रेघेला लावा. मी कित्येक महिने वरून वाकून बघायचो!

विचित्र आकडा आला तर लगेच डोस ओतू नका. किटची मुदत बघा, पुन्हा तपासा. अल्कलिनिटी खरंच कमी असली तरी दिवसाला १ डीकेएचपेक्षा (डीकेएच हे अल्कलिनिटी मोजायचं एकक) जास्त वाढवू नका.