शॅपरोन प्रथिने आणि मेंदूतील गुठळ्या : समजून घेताना या चुका टाळा

अल्झायमर, पार्किन्सन किंवा हंटिंग्टन या आजारांविषयी वाचताना शॅपरोन (इतर प्रथिनांची घडी नीट बसावी म्हणून मदत करणारी प्रथिने) म्हणजे चेतापेशीत साचलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या उचलून टाकणारी यंत्रणा, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्यांचे बहुतेक काम गुठळी होण्याच्या आधीचे असते. रायबोसोममधून (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतून) बाहेर पडणाऱ्या प्रथिनसाखळीचे जलविरोधी (पाण्यापासून दूर राहणारे) भाग काही काळ उघडे असतात आणि ते एकमेकांना चिकटण्याचा धोका असतो. एचएसपी ४० हे शॅपरोन असे भाग हेरून एचएसपी ७० या दुसऱ्या शॅपरोनकडे आणते. एचएसपी ७० एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) खर्चून त्यांना धरते, थोड्या वेळाने सोडते आणि गरज पडल्यास पुन्हा धरते. अंतिम आकार मात्र साखळीतील अमिनो आम्लांच्या क्रमातच दडलेला असतो. शॅपरोन तो ठरवत नाही.

म्हणूनच ‘शॅपरोन प्रत्येक प्रथिनाला योग्य घडी घालते’ हे वाक्यही जपून वापरावे. पार्किन्सनमधील आल्फा-सायन्यूक्लिन आणि अल्झायमरमधील टाऊ या प्रथिनांना मुळातच ठरावीक घडी नसते. तिथे शॅपरोनची मदत म्हणजे चिकट भाग झाकून ठेवणे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गुठळीच्या आकारावरून आजाराचे माप काढणे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फळमाशीवरील प्रयोगात एचएसपी ७० वाढवल्यावर पॉलिग्लुटामिनमुळे (प्रथिनातील ग्लुटामिन या अमिनो आम्लाच्या लांबलेल्या साखळीमुळे) होणारा ऱ्हास रोखला गेला, पण पेशीकेंद्रकातील गुठळ्या जवळजवळ तशाच दिसत राहिल्या. २००४ मध्ये तर सदोष हंटिंग्टिन (हंटिंग्टन आजाराशी संबंधित प्रथिन) असलेल्या चेतापेशींवर दीर्घकाळ नजर ठेवली असता, ज्यांच्यात मोठी गुठळी बनली त्या पेशींचा मृत्यूचा धोका कमी झाल्याचे आढळले. मोठी गुठळी अनेकदा घातक लहान पुंजक्यांना एका जागी कोंडून ठेवत असावी, असा याचा अर्थ लावला जातो आणि मला तो पटतो. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या कमी दिसल्या नाहीत एवढ्यावरून शॅपरोन निरुपयोगी ठरवू नये, आणि त्या कमी दिसल्या म्हणून पेशी वाचली असेही गृहीत धरू नये.

गुठळी फोडणे नेहमीच हिताचे, हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते. एचएसपी ७०, एचएसपी ४० आणि एचएसपी ११० या कुळांतील प्रथिने मिळून आल्फा-सायन्यूक्लिनचे तंतू (गुठळीतील लांब धागे) सोडवू शकतात; पण तंतू अर्धवट तुटला तर त्याचे तुकडे नव्या तंतूंसाठी बीज ठरू शकतात. यीस्टमधील काही प्रायॉन (आपला बदललेला आकार इतर प्रथिनांवर लादणारी प्रथिने) टिकून राहण्यासाठी तंतू तोडणारे एचएसपी १०४ हे शॅपरोन आवश्यकच असते.

‘शॅपरोन वाढवा म्हणजे आजार थांबेल’ हे तर फारच घाईचे विधान आहे. एचएसपी ९० हे शॅपरोन सदोष टाऊला नष्ट होण्यापासून वाचवून नुकसानही करू शकते. उष्णतेसारख्या ताणात पेशी शॅपरोन वाढवून देते तो प्रतिसाद वाढवण्याच्या हेतूने तपासलेले अरिमोक्लोमॉल हे औषध एएलएस (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी नष्ट करणारा आजार) या आजारावरील मोठ्या चाचणीत अपयशी ठरले, तर २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला नीमन-पिक सी या वेगळ्या आजारासाठी, मिग्लुस्टॅट या औषधासोबत देण्याच्या अटीवर, मान्यता मिळाली. उष्णतेने शॅपरोन वाढतात हे खरे असले, तरी त्यावरून वाफेच्या स्नानाने स्मृतिभ्रंश टळतो असा दावा करणाऱ्यांपासून दूर राहावे.

प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांची अडचण बहुधा थायोफ्लेविन-टी या, तंतूंवर बसून चमकणाऱ्या रंगद्रव्यापाशी सुरू होते. शॅपरोन घातल्यावर चमक घटली की गुठळी थांबली, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण रंगद्रव्य तंतूवर बसण्यातच अडथळा आला असेल किंवा तंतूंऐवजी आकारहीन पुंजके बनले असतील, तरीही चमक घटतेच. म्हणून नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून द्रावणात उरलेले प्रथिन मोजावे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे आणि शॅपरोनऐवजी तितकेच अल्ब्युमिन (शॅपरोन म्हणून न वापरलेले साधे प्रथिन) घालून तुलना करावी. एचएसपी ७० चा परिणाम दिसतच नसेल, तर एटीपी, मॅग्नेशियम आणि जोडीदार एचएसपी ४० हे तिन्ही द्रावणात आहेत ना, हे आधी पाहावे. उलट, डीएनएजेबी ६ हे एचएसपी ४० कुळातील शॅपरोन फारच कमी प्रमाणात असूनही परिणाम दाखवत असेल, तर मापनात चूक शोधत बसू नये. ते प्रत्येक रेणूला न धरता तंतूंच्या सुरुवातीच्या लहान केंद्रांना रोखते, त्यामुळे थोडेसेही पुरते.