बोलण्याला खुणांची जोड: घरातल्या घरात मुख्य शब्दांच्या खुणा कशा शिकवाव्यात

डाउन सिंड्रोम, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा अन्य कारणाने ज्या मुलाचे बोलणे लांबते, त्याला पुष्कळदा बरेच काही समजत असते, पण सांगता येत नाही, आणि ती कोंडी रडण्याओरडण्यातून किंवा वस्तू भिरकावण्यातून बाहेर पडते. अशा मुलासाठी मुख्य शब्दांच्या खुणा ही पद्धत अतिशय उपयोगी आहे. मोठ्या माणसाने नेहमीसारखे पूर्ण वाक्य बोलायचे आणि त्यातल्या महत्त्वाच्या एक-दोन शब्दांनाच हाताने खूण करायची. "चल, आता आपण घरी जाऊ" या वाक्यात 'घर' आणि 'जाणे' एवढ्याच खुणा होतात. बाकीचे केवळ तोंडाने बोलायचे. जीभ आणि ओठ यांच्या बारीक हालचालींपेक्षा हाताच्या हालचाली अनेक मुलांना लवकर जमतात, शिवाय खूण डोळ्यांना दिसते आणि मूल पाहत असेपर्यंत धरून ठेवता येते.

ही कर्णबधिरांची सांकेतिक भाषा नव्हे, कारण त्या भाषेला स्वतःचे व्याकरण असते आणि ती आपल्या बोलण्याच्या क्रमाने चालत नाही. म्हणून सुरुवात करण्यापूर्वी मुलाची श्रवणचाचणी अवश्य करून घ्यावी. मूल कर्णबधिर असेल, तर त्याला सुट्या शब्दांच्या खुणा देऊन भागणार नाही; त्याला संपूर्ण भारतीय सांकेतिक भाषा मिळायला हवी. ऐकू येणाऱ्या मुलांसाठीही खुणा मात्र तिथूनच घ्याव्यात. १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या मकाटन या मुख्य शब्दांच्या खुणांच्या कार्यक्रमानेही आपल्या खुणा तिथल्या कर्णबधिर समाजाकडूनच घेतल्या होत्या. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश आहे. २०१८ मध्ये तो ३,००० शब्दांचा होता, २०२१च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्दांचा झाला, आणि त्याच्या चित्रफिती विनामूल्य पाहता येतात. जुळवलेली बोटे तोंडाकडे नेऊन 'खाणे', दोन्ही हातांच्या बोटांची टोके छपरासारखी टेकवून 'घर', अशा खुणा पाहताक्षणी कळतात. प्रत्येक घराने आपापल्या खुणा रचल्या, तर त्या घराच्या उंबरठ्याबाहेर कोणालाच कळणार नाहीत.

शब्द निवडताना घरचे लोक बहुधा गाय, चेंडू, बस अशा नामांपासून सुरुवात करतात. नामे हवीतच, परंतु 'अजून', 'संपले', 'थांब', 'मदत', 'दुखते' आणि 'नको' हे शब्द त्यांच्याइतकेच आधी यावेत. 'अजून' ही एकच खूण झोक्यावर चालते, गाण्यावर चालते आणि जेवणातही चालते. 'नको' शिकवायला पालक कचरतात, कारण मग मूल ऊठसूट नकार देईल अशी त्यांना भीती वाटते. माझ्या मते ही खूण पहिल्या पाच-सहांत असलीच पाहिजे, आणि औषधासारखी टाळता न येणारी गोष्ट सोडली, तर तिला मान दिला पाहिजे. ज्या नकाराला कोणी जुमानत नाही, तो मूल पुन्हा हातापायांनी आपटून सांगू लागते.

शिकवण्याची खरी जागा म्हणजे रोजचा व्यवहार. समजा, इंदूरच्या एखाद्या मराठी घरात रविवारी सकाळी पोहे झाले आहेत आणि मुलाच्या बशीत मुद्दाम दोन-तीन चमचेच वाढले आहेत. बशी रिकामी झाली की आईने त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, खिडकीचा उजेड आपल्या चेहऱ्यावर येईल असे बसावे, "अजून पोहे हवेत?" असे विचारावे आणि 'अजून' म्हणतानाच खूण करावी. मग गप्प राहून मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे. हे थांबणे सर्वांत अवघड असते, कारण आजीचा हात तेवढ्यात डावाकडे गेलेलाच असतो. म्हणून आजीला हे आधीच समजावून सांगावे. मुलाने हात नुसता हलवला, बोटे नीट जुळली नाहीत, तरी लगेच पोहे वाढावेत, वर जिरावन मसाला भुरभुरावा आणि स्वतः स्वच्छ खूण करून "हो, अजून!" म्हणावे. "आधी खूण कर, मग देईन" अशी अट कधीही घालू नये, आणि मुलाचे हात धरून त्याच्याकडून खूण करवून घेऊ नये. काही आठवडे मूल केवळ पाहत राहिले, तरी ते शिकतच असते.

हे सर्व एकट्या आईने करून पुरत नाही. इंदूरमध्ये घरी मराठी आणि शाळेत हिंदी असे मुलाचे दिवसभर चालते; आजी "पुरे का?" विचारते, वर्गातल्या दीदी "बस?" म्हणतात, पण दोघींनी 'संपले'ची एकच खूण केली, तर मुलाला दोन्ही वाक्ये पकडता येतात. त्यासाठी मूल ज्या खुणा करते, त्या ते स्वतः जशा करते तशाच मोबाइलवर चित्रित करून आजोबा, काका-मावश्या, शिक्षिका आणि रिक्षावाले काका यांना पाठवाव्यात, कारण मुलाची अर्धवट खूण अनोळखी माणसाला आपोआप कळत नाही.

खुणा शिकवल्या तर मूल बोलणारच नाही, ही शंका जवळजवळ प्रत्येक घरात येते. आजवरच्या अभ्यासांत खुणांमुळे बोलणे घटल्याचे आढळलेले नाही; अनेक मुलांचे बोलणे थोडेफार वाढलेच आहे. शब्द तोंडून सहज येऊ लागला की मूल त्याची खूण आपणहून सोडते. आजारपणात किंवा गोंगाटात ती परत आली, तरी तिला अडवू नये.

पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या प्रौढांनाही या खुणा उपयोगी पडू शकतात. त्यांचा उजवा हात पुष्कळदा दुर्बल झालेला असतो, म्हणून डाव्या एका हाताने होणाऱ्या खुणा निवडाव्यात आणि सोबत चित्रांचा तक्ता ठेवावा, कारण काहींना खुणाही लवकर आठवत नाहीत. कोणाला कोणत्या क्रमाने काय द्यावे, हे वाचा-उपचारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे आणि आधीच्या खुणा रुग्ण न सांगता वापरू लागल्यावरच पुढच्या दोन-तीन द्याव्यात.